सही जुळत नाही

सांगली, रविवार

प्रिय शशी,
स. न. वि. वि.

आठ महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि तुझे दोन फोन ‘नंतर करतो’ म्हणून टाळले, याबद्दल तू मनात जे काही म्हणाला असशील ते सगळे मला मान्य आहे. प्रकृती ठीक आहे. बी.पी.ची गोळी एकाची दीड झाली आणि गुडघे वयाला शोभतील असेच आहेत. पत्रास कारण की, गेल्या महिन्यात मला अटक झाली होती. हसायचे असेल तर हस, पण पुढचे वाचून हस, आणि बापूला यातले अक्षर सांगू नकोस, नाहीतर मिरजेपासून कोल्हापूरपर्यंत बोभाटा होईल.

हिला बहिणीकडे सोलापूरला जाऊन दोन दिवस झाले होते. मंगळवारी सकाळी पावणेदहाला मी चहाचे भांडे विसळत असताना फोन आला. माझ्या आधार क्रमांकावर मुंबईत कोणी खाते उघडले आहे, त्यातून काळ्या पैशाचे व्यवहार झाले आहेत आणि माझ्या नावाने वॉरंट निघाले आहे, असे सांगण्यात आले. दहा मिनिटांत व्हिडिओ कॉलवर गणवेशातले साहेब हजर झाले. त्यांच्या मागे झेंडा, टेबलावर फायलींची चळत. कॅमेरा बंद करायचा नाही, घराबाहेर पडायचे नाही, कोणाजवळ बोललात तर तोही सहआरोपी होईल, अशी तंबी मिळाली. यालाच ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात आणि अशी अटक आपल्या कोणत्याही कायद्यात नाही, हे मला ठाऊक नव्हते असे समजू नकोस. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये हा विषय काढला, त्यानंतर आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात यावर पाऊण तास व्याख्यान देणारा वक्ता मीच होतो. तक्रारीचा १९३० हा क्रमांक कार्डावर छापून मीच वाटला होता आणि त्यातले एक कार्ड आमच्या फ्रिजवर चिकटवलेले आहे. मोबाइल मी मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला होता, आणि तिथून फ्रिज फार तर चार हातांवर असेल. पावणेदहापासून जवळजवळ एक वाजेपर्यंत मी त्या कार्डासमोर बसून होतो, आणि ते मला दिसले नाही.

काय दिसत होते ते ऐक, म्हणजे तुला माझी खरी कीव येईल. साहेबांनी कबुलीजबाबाचा मसुदा पाठवला आणि तो स्वहस्ते लिहून काढायला सांगितले. त्यात तारखेच्या जागी कलम आणि कलमाच्या जागी तारीख पडली होती. ती चूक मी नम्रपणे त्यांच्या नजरेस आणून दिली, दुरुस्त मजकूर दोन्ही बाजूंना समास सोडून लिहिला आणि खाली ‘आपला विश्वासू’ घातले. म्हणजे मला लुटायला आलेल्या माणसाचे ड्राफ्टिंग मी सुधारून दिले! मध्यंतरी लघवीला जायचे होते तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या या गृहस्थाने ‘साहेब, जाऊन येऊ का?’ असे विचारले, आणि परवानगी मिळाल्यावर मला खरोखर कृतज्ञता वाटली. त्या कृतज्ञतेची आठवण झाली की आजही रात्री कूस बदलावी लागते. पैशाचे एवढे काही वाटत नाही.

मग पडताळणीसाठी सगळी शिल्लक ‘सरकारी खात्यात’ वर्ग करण्याचा हुकूम झाला. ठेवी मोडून चौदा लाख होत होते. मोबाइल चालू ठेवूनच सदऱ्याच्या खिशात घातला आणि बँकेत गेलो. काउंटरवरच्या मुलीने ‘काका, ठेवी का मोडताय? व्याज बुडेल,’ असे विचारले, तेव्हा पढवल्याप्रमाणे ‘प्लॉट घेतोय’ असे बिनदिक्कत सांगितले. आरटीजीएसचा फॉर्म आणि चेक दिला. ती आत जाऊन परत आली आणि म्हणाली, ‘काका, सही जुळत नाही.’ दुसरी केली, तीही जुळेना. तिसऱ्या वेळी ती पाण्याचा ग्लास घेऊन काउंटरच्या बाहेर आली, आणि खिशात उजेड दिसणारा मोबाइल तिने पाहिला. मॅनेजरने तो काढून घेतला आणि कॉल तोडला. यावर मी त्या भल्या माणसाचे आभार मानले असतील असे तुला वाटेल, पण मी त्याच्या अंगावर ओरडलो, ‘तुम्ही मला तुरुंगात घालणार! मी वर तक्रार करीन!’ शुद्धीवर यायला अर्धा तास लागला, त्यानंतर मात्र हात असे थरथरू लागले की ग्लास दोन्ही हातांनी धरावा लागला.

छत्तीस वर्षे बँकेत मी लोकांच्या सह्या जुळवल्या, शशी, आणि माझी स्वतःची सही जुळेना म्हणून वाचलो. डोके दगा देऊन बसले होते, खरे काय ते एकटा हात सांगत होता.

धाकटी पुतणी मानसशास्त्र शिकवते, तिला सगळे सांगितले. ती म्हणाली, ‘काका, यात भोळेपणा शोधू नका.’ धोका जाणवला की अॅड्रेनलिन हे संप्रेरक काही सेकंदांत अंगात धावते, आणि कॉर्टिसोल हे ताणाचे दुसरे संप्रेरक वीस-तीस मिनिटांनी शिगेला पोहोचते. कपाळामागचा जो भाग थांबून विचार करतो, पर्याय तोलतो, तोच या गदारोळात आधी मंदावतो, नजर एका बिंदूवर आखडते आणि कारभार जुन्या सवयींच्या हाती जातो. माझी जुनी सवय कोणती, हे तुला वेगळे सांगायला हवे का? वरून आवाज आला की ‘हो साहेब’ म्हणायचे आणि कागद स्वच्छ लिहायचा. त्या चोरांना माझ्यातला मूर्ख मुळीच लागला नाही. माझ्यातला इमानी नोकर त्यांना पुरला.

तिने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मनातून जात नाही. अमेरिकेत येल विद्यापीठात १९६१ साली मिलग्रॅम नावाच्या संशोधकाने प्रयोग सुरू केले. शेजारच्या खोलीतला माणूस उत्तर चुकला की त्याला विजेचा झटका द्यायचा, आणि दर चुकीला १५ व्होल्ट वाढवायचे. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते ठाऊक नव्हते. मागे बसलेला अधिकारी शांतपणे ‘पुढे चला’ म्हणत राहिला आणि ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले. पण तोच अधिकारी खोलीतून उठून गेला आणि फोनवरून सांगू लागला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे पाचांत एकच उरले. काही तर फोनवर ‘वाढवतोय, वाढवतोय’ म्हणत खुशाल कमी झटका देत राहिले. हे ऐकल्यावर कॅमेरा एक क्षणही बंद करू नका, हा आग्रह का होता ते मला उमगले. नुसता आवाज असता तर मीही कदाचित ‘लिहितोय साहेब’ म्हणत शेंगा खात बसलो असतो. त्यांनी व्हिडिओवरून साहेबाला माझ्या स्वयंपाकघरात आणून बसवले होते.

मेव्हण्याला कळले तेव्हा तो म्हणाला, ‘पण तुम्ही तर बँकेत होतात ना?’ या वाक्याने मी गप्प झालो, कारण ते माझेच वाक्य होते. तू विसरला नसशील. ‘तू तर कॅशियर होतास ना? मग सही कशी केलीस? माझा हात तोडला असता तरी मी केली नसती,’ असे मी तुला वाईला घाटावर, बापूच्या लग्नात, चार माणसांदेखत सुनावले होते, आणि त्यानंतर दीड वर्ष तू माझ्याशी बोलला नाहीस. मी त्याला तुझा रुसवा म्हणत होतो.

१९८८ मधले कराड आठव. शंभराच्या शंभर नोटांचे एक पाकीट कमी, दहा हजारांची तूट, आणि तपासणीला आलेल्या साहेबांनी तुला दुपारी तीनपासून मॅनेजरच्या केबिनमध्ये बसवून ठेवलेले. सही करा आणि घरी जा, नाहीतर पोलीस येतील, वहिनींना दिवस गेलेले आहेत, विचार करा. रात्री नऊला साक्षीदार म्हणून मला आत बोलावले. पाकीट अकरा दिवसांनी दुसऱ्या शाखेला पाठवलेल्या रोकडीत जास्तीचे निघाले, तरी कबुलीजबाब फायलीत असल्यामुळे तुझ्या दोन वेतनवाढी गेल्या त्या गेल्याच. हे तुला पाठ आहे. तुला ठाऊक नाही ते आज लिहितो. तुझ्या सहीखालची रेघ उजवीकडे चढत जायची; त्या रात्री ती खाली घसरलेली होती आणि ‘श’ची गाठ सुटलेली होती. तसा चेक काउंटरवर आला असता तर मी ‘सही जुळत नाही’ म्हणून परत केला असता. मी ते पाहिले, आणि गप्प बसून शेजारी माझी सही ठोकली. मला बसून राहायला कोणी सांगितले नव्हते, पोलिसांचे नावही माझ्यापुढे कोणी काढले नव्हते. साहेबांनी नुसते पेन पुढे केले होते. तेवढी भीती मला पुरली, आणि वर वाईला जाऊन तुलाच शौर्य शिकवले.

तुझ्या नातीचा दहावीचा निकाल कळला, तिला शाबासकी सांग. मोतीबिंदूचे ऑपरेशन आता पुढे ढकलू नकोस. नाशिकच्या घराचा भाडेकरू निघाला का? वहिनींना नमस्कार.

एक काम मात्र कर. त्या जबाबाची कार्बन प्रत तू लोखंडी ट्रंकेत ठेवल्याचे एकदा म्हणाला होतास. फाडून टाकली नसशील तर तिची झेरॉक्स पाठव. तुझी सही मला पाहायची नाही. तिच्या शेजारी माझी सरळ आली आहे का, तेवढे पाहायचे आहे.

तुझा,
अविनाश