पत्रकावर नुसतं 'आय सेव्हन' नको, पूर्ण मॉडेल नंबर छापा

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पाडवा जवळ आला की तुमच्या पेपरच्या आत घालून रंगीत पत्रकं यायला लागतात, सोनं, टू-व्हीलर, फ्रीज, आणि आता असेंबल्ड कॉम्प्युटरची पण. यंदा आमच्या इंदिरानगरला आलेल्या एका पत्रकावर एवढंच होतं, आय सेव्हन, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, मॉनिटर, सगळं पंधरा हजाराच्या आत, वर कीबोर्ड माऊस फुकट. परीक्षा संपत आल्यात, पोरांना कॉम्प्युटर पाहिजे, आईबाप आय सेव्हन वाचून खूष, त्यात नवीन चकचकीत कॅबिनेट, लाल निळे लाईट. आतमध्ये काय आहे हे कोणी विचारत नाही आणि दुकानदार आपणहून सांगत नाही, म्हणून हे पत्र.

आय सेव्हन हे प्रोसेसरचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूचं, नाव इंटेल कंपनीने २००८ पासून चालवलंय. पंधरा हजारात मॉनिटरसकट मिळणारा आय सेव्हन हा बहुतेक वेळा दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या जनरेशनचा असतो, म्हणजे २०११-१२ चा, कुठल्यातरी कंपनीच्या ऑफिसातून भंगारात निघालेला प्रोसेसर, आणि त्याच्याखाली एच६१ चिपसेटचा कुठला तरी नवा मदरबोर्ड (सगळे पार्ट ज्यावर बसतात तो). त्याच्यापेक्षा २०२२ मध्ये आलेला साधा आय थ्री १२१०० जास्त फास्ट आहे, दोन्हीला चार कोअर आणि आठ थ्रेडच (एका वेळी किती कामं करतो त्याचा हिशोब) आहेत तरीपण. ओळखायचं सोपं आहे, पूर्ण नंबर विचारायचा. ३७७० म्हटलं तर तिसरी जनरेशन, १२४०० म्हटलं तर बारावी. नंबर सांगायला दुकानदार का कू करायला लागला की समजून जायचं.

आणि विंडोजचं काय, तर विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलमध्ये साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचाच प्रोसेसर चालतो. दुकानात जुन्या मशीनवर पण ११ टाकून देतात, जुगाड करून चालतं सुद्धा, पण पुढचे अपडेट मिळतील याची खात्री मायक्रोसॉफ्ट देत नाही. जुनं मशीन विकूच नये असं माझं म्हणणं नाही हं, दुकानाची बिलं काढायला नाहीतर लिनक्स टाकून पोराला टायपिंग शिकवायला ते मस्त चालतं, फक्त जुनं म्हणून विका आणि जुन्याच्या भावात विका.

आता नवीन पार्ट घेऊन बनवायचं म्हटलं तर पहिला प्रश्न पोरांचा असतो ग्राफिक कार्ड (स्क्रीनवर चित्र दाखवणारा वेगळा पार्ट) कुठलं. मी म्हणतो आधी कार्ड लागतंय का ते बघा. कॉमर्सवाल्याला नाही लागत, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या कोडिंगला नाही लागत, प्रोसेसरमधलंच ग्राफिक पुरतं, पण ते प्रोसेसरमध्ये असायला तर पाहिजे! इंटेलच्या नंबरच्या शेवटी एफ असेल (१२४००एफ) तर त्यात ग्राफिक नाही. इंटेलची स्पर्धक एएमडी, तिच्या जुन्या एएम४ प्रोसेसरांमध्ये उलटं आहे, सहसा शेवटी जी असेल तरच ग्राफिक, म्हणजे ५६००जी मध्ये आहे आणि ५६०० मध्ये नाही. हजार दीड हजार वाचले म्हणून एफवाला उचलून आणतात आणि घरी मॉनिटरवर काळोख. मग कार्ड घ्यायला परत कॅनडा कॉर्नर.

सॉकेटचं, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेचं, पण विचारा, पुढे त्याच बोर्डात नवा प्रोसेसर बसेल का ते त्यावर ठरतं. इंटेलच्या एलजीए १७०० मध्ये बारावी, तेरावी, चौदावी बसते आणि तिथं ते संपलं, २०२४ च्या कोअर अल्ट्रा २०० ला वेगळा सॉकेट आहे. एएमडीने एएम४ बराच चालवला, २०१७ च्या बोर्डात नुसतं बायोस (बोर्डातलं सॉफ्टवेअर) अपडेट करून २०२२ चा प्रोसेसर बसतोय, आणि एएम५ पण २०२७ पर्यंत आणि पुढे चालवू असं ते सांगतात. आपल्याकडे कॉम्प्युटर एकदा घेतला की आठ दहा वर्षं काढायचा असतो, त्यामुळे पैसे असतील तर मी एएम५ घ्या म्हणेन. फक्त त्याला नव्या पिढीची डीडीआर५ रॅमच लागते आणि खरी गोची तिथंच आहे.

कारण रॅमचे भाव. २०२५ च्या शेवटापासून रॅम अशी काय चढली की विचारू नका, एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी पाहिजे म्हणून कंपन्या तिकडेच माल वळवतायत, मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये जाहीरच केलं की क्रुशल नावाने घरगुती ग्राहकांना विकायचा धंदा बंद करतोय. डीडीआर४ पण यातून सुटली नाही. अशा वेळी लोक १६ ची एकच पट्टी घेतात, पुढे दुसरी टाकू म्हणून. प्रोसेसरमधलं ग्राफिक वापरणार असाल तर ८ च्या दोन पट्ट्या बऱ्या पडतात, ड्युअल चॅनेलमुळे (दोन्ही पट्ट्या एकदम चालतात) ग्राफिकला चांगलाच फरक पडतो. पण स्वस्तातल्या एच६१० नाहीतर ए५२० बोर्डाला बहुतेक दोनच स्लॉट असतात, ते दोन्ही भरले की पुढे वाढवताना आधीच्या पट्ट्या काढून टाकायच्या. म्हणजे रॅम ठरवण्याआधी बोर्डाचे स्लॉट मोजायचे. चार स्लॉट असतील तर दोन पट्ट्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात, बऱ्याच बोर्डांना असंच लागतं, दुकानातला पोरगा शेजारी शेजारी लावून देत असेल तर टोका त्याला.

एसएसडीचं (फाईली साठवतो तो पार्ट) थोडक्यात, जुन्या पद्धतीने जोडायची साटावाली सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत जाते, नव्या पद्धतीची एनव्हीएमई जेन३ साडेतीन हजारापर्यंत, आणि एम.२ आकाराची आहे म्हणजे एनव्हीएमईच असेल असं नाही, त्या आकारात साटा पण येते. पत्रकात दोन्हीला ५१२ एसएसडीच लिहितात.

पण मला सगळ्यात जास्त राग येतो तो एसएमपीएसचा, म्हणजे पॉवर सप्लायचा. कॅबिनेटबरोबर फुकट म्हणून जो डबा येतो त्यावर मोठ्या अक्षरात ४५० (वॅट) लिहिलेलं असतं. बाजूचं लेबल वाचा, १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर आहेत ते बघा आणि १२ ने गुणा. १६ अँपिअर असतील तर झाले १९२ वॅट, आणि आजचा कॉम्प्युटर जवळजवळ सगळी पॉवर १२ व्होल्टवरच ओढतो. मग उद्या पोराने ग्राफिक कार्ड टाकलं की मशीन आपोआप बंद, नाहीतर डबा जळताना बोर्डाला पण घेऊन जातो. चांगल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ, ५५० वॅटचा घ्यावा, वॉरंटी पाच वर्षांची मिळते. ८० प्लस हा शिक्का वीज किती वाया जाते त्याचा आहे, टिकाऊपणाचा नाही, पण निदान कोणीतरी तपासलेला डबा तरी असतो. त्याचे पैसे काचेचं कॅबिनेट सोडून काढता येतात. आपल्याकडे एप्रिल मे मध्ये पारा चाळीसला जातो, समोर काच लावलेल्या कॅबिनेटमध्ये हवा कुठून जाणार? समोर जाळी पाहिजे, आणि धुळीसाठी धुता येणारा फिल्टर.

इन्व्हर्टर तर घरोघरी आहे, त्याच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं हे कितीतरी लोकांना माहीतच नसतं. साध्या मोडवर लाईट गेल्यावर बदलायला जास्त वेळ लागतो, एसएमपीएस तेवढा वेळ तग धरत नाही, मशीन रिस्टार्ट. आणि पंचवटीतल्या, जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्ये अर्थिंग नसतं, तिथं कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, लोक म्हणतात कॉम्प्युटर खराब आहे. कॉम्प्युटर ठीक असतो, वायरमनला बोलवा.

स्वस्त पडतं म्हणून काही जण पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोडवरून (नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, म्हणत कोणी नाही) माल आणतात. आणा, पण बॉक्सवाला प्रोसेसर आणा, ट्रेवाला सुटा घेतला तर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी सहसा मिळत नाही, दुकानाची काय असेल ती. बिल जीएसटीचं आणि त्यावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर, १८ टक्के वाचवायला कच्चं बिल घेतलं तर वॉरंटीला काय दाखवणार? ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर फोन केलात तरी ते आधी बिलच मागतील.

दुकानदार सगळे वाईट असतात असं नाही, एम. जी. रोडला पूर्ण मॉडेल नंबर टाकून कोटेशन देणारे पण आहेत, त्यांचा आकडा दोन चार हजाराने जास्त दिसतो म्हणून गिऱ्हाईक उठून दुसरीकडे जातं. म्हणून तुम्हाला विनंती आहे. पत्रकं एजंट लोक घालतात, त्यावर तुमचा कंट्रोल नसेल, पण पेपरमध्ये छापून येणारी कॉम्प्युटरची जाहिरात घेताना एवढी अट टाकता आली तर बघा, प्रोसेसरचा पूर्ण नंबर, बोर्ड आणि एसएमपीएसचं मॉडेल, आणि माल नवा का वापरलेला. एका ओळीत बसतं, 'कीबोर्ड माऊस फुकट' ची जागा काढली तरी पुरे.

आपला,
एक नियमित वाचक
इंदिरानगर, नाशिक