मावशी, तुम्ही त्याला विचारलंत

मावशी,

परवा सकाळी आमच्या गॅलरीतल्या गुलाबाचं पहिलं फूल उमललं. छाटणीनंतर 45 दिवस धरा, असं तुम्ही म्हणाला होतात. मुलगा कॅलेंडरवर रोज एक काट मारत होता. 47व्या दिवशी फूल उघडलं. शाळेची रिक्षा खाली हॉर्न वाजवत होती आणि हा कुंडीपुढे बसून राहिला होता. जाता जाता मला म्हणाला, "आजींना सांग." म्हणून हे पत्र.

नाव लिहू नका म्हणालात, ते पाळते. वाचणाऱ्यांना एवढंच सांगते की तुम्ही मावळातल्या एका पॉलीहाऊसमध्ये तोडणीला आणि ग्रेडिंगला, म्हणजे फुलं प्रतीनुसार निवडायला, जाता आणि संध्याकाळी तळेगाव स्टेशनबाहेर पाटीत गुलाबाच्या जुड्या घेऊन बसता. हे पत्र तुमच्या नातीच्या फोनवर नुसतं पाठवता आलं असतं. पण माझ्या मुलाला जे बोललं गेलं ते चारचौघांत बोललं गेलं, म्हणून तुमचे आभारही मला चारचौघांतच मानायचे आहेत.

गेल्या डिसेंबरात चित्रकलेच्या बक्षिसाच्या पैशांतून त्यानं चार गुलाब विकत आणले. वय 8 वर्षं. आपण राहतो मावळात. जानेवारी संपत आला की व्हॅलेंटाइन डेसाठी फुलांचे बॉक्स भरलेल्या गाड्या रोज डोळ्यांसमोरून जातात. इथं गुलाब आपोआपच येत असेल, असं आम्हाला वाटलं होतं. थंडीत कोवळी पानं वळायला लागली आणि त्यांवर पीठ सांडल्यासारखा पांढरा थर आला. होळीच्या सुमाराला ऊन तापलं, तशी पानं फिकट, राखाडी दिसायला लागली आणि शेंड्याशी बारीक जाळी धरली.

ज्या नर्सरीतून झाडं आणली तिथं गेलो. तिथल्या माणसानं फोनवरच्या फोटोकडे अर्धवट बघितलं आणि मुलाला विचारलं, "पाणी कोण घालतं? तू? मग तूच मारलीस झाडं." दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती, ती हसली. दुसऱ्या दिवशी मी शेतीच्या औषधांच्या दुकानात गेले. या वेळी पान पिशवीत घालून नेलं होतं. दुकानदारानं पिशवी उघडलीसुद्धा नाही. "सगळ्या किडींवर चालतं" म्हणत बाटली पुढे सरकवली आणि पैसे घेतले. मी दोनदा फवारलं. जाळी वाढली. मुलानं गॅलरीत जाणं सोडलं. तिथलं दार तो येता-जाता लावून घ्यायचा. मी उघडलं की परत लावायचा. ते दार लावल्याचा आवाज मला अजून आठवतो.

त्यानंतर एका संध्याकाळी दुसऱ्या दुकानात विचारावं म्हणून तीच पिशवी घेऊन स्टेशनवरून चालले होते. तुम्ही पाटीमागून हाक मारलीत, "ताई, पान कशाला घेऊन फिरताय?" मी दाखवलं. पिशवीतून पान काढून तुम्ही सगळ्यांत आधी ते उलटं केलंत. माझ्याकडे तीन महिने ती झाडं होती, दोन दुकानं झाली होती, पण पानाची मागची बाजू तोवर कुणीही बघितली नव्हती. मीही नाही. तुम्ही म्हणालात, "उद्या माझी सुट्टी हाये. येते बघायला."

आणि तुम्ही आलात. आमची ओळख दहा मिनिटांची, सुट्टी तुमची आठवड्यातली एकच.

घरात आल्यावर एखादा पांढरा कागद मागितलात. मी एक जुनी लग्नपत्रिका दिली. तिची कोरी बाजू पानाखाली धरून तुम्ही फांदीला दोन टिचक्या मारल्यात. धूळ पडावी तसे ठिपके पडले. मग ते ठिपके चालायला लागले. तुम्ही मुलाला आतून बोलावून घेतलंत आणि पत्रिका त्याच्या हातात दिलीत. एका ठिपक्यावर त्याचंच बोट फिरवायला लावलंत. कागदावर तांबूस रेघ उठली. "हा लाल कोळी. आठ पायाचा, गोचिडीच्या नात्यातला. ह्यो उन्हानं येतो, कोरड्या हवेनं येतो. तू पाणी घातलंस म्हणून न्हाई आला. तुझं काय चुकलं न्हाई, बाळा."

तो काही बोलला नाही. पत्रिका मात्र खाली ठेवली नाही.

बाटली आणून दाखवली तेव्हा तुम्ही लेबलावरच्या त्रिकोणावर बोट ठेवलंत. लाल म्हणजे सगळ्यांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यांत सौम्य. आमच्या बाटलीवर पिवळा होता. लहान मूल असलेल्या घरात, चार कुंड्यांसाठी. शिवाय हे औषध किड्यांचं, आणि कोळी हा किडाच नव्हे, त्यामुळे त्याला फारसं काही झालं नाही. मेले ते कोळ्यांना खाणारे जीव. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हा बातम्या वाचून मी हळहळले होते. तरीही ती बाटली मी हातमोजे न घालता, तोंड न बांधता वापरली, कारण दुकानदारानं एका शब्दानं सांगितलं नाही. तुम्ही ती मोरीत ओतू दिली नाहीत. मी ती दुकानात परत नेऊन दिली, पैसे मागितले नाहीत.

तुम्ही सांगितलेला उपाय होता नळाच्या पाण्याचा. पाइपच्या तोंडाशी बोट धरून पानांच्या मागच्या बाजूनं जोरात पाणी मारायचं, सकाळीच, म्हणजे पानं उन्हात सुकतात. एक दिवसाआड, निदान तीन आठवडे, कारण उन्हाळ्यात अंड्यातून पुढची पिढी तयार व्हायला आठवडाच लागतो. त्या तीन आठवड्यांत दोनदा, संध्याकाळच्या वेळी, निंबोळी अर्क. बस. एक रुपयाचीही बाटली नाही.

पण मावशी, मला लिहायचं आहे ते पुढचं.

एका झाडाची फांदी शेंड्यापासून काळी पडत अर्ध्यापर्यंत खाली आली होती. तुम्ही शेंडेमर म्हणालात. पिशवीतून कातर काढलीत, पाती स्पिरिटनं पुसलीत, वाकलात आणि थांबलात. मुलाकडे वळून विचारलंत, "झाड तुझं हाये नव्हं? ही फांदी काढू का?"

मी मध्ये बोलणार होते, काढा की, त्याला काय विचारायचं. तुम्ही हातानं मला थांबवलंत. कातर मिटून गुडघ्यावर ठेवलीत आणि वाट बघितलीत. तो बराच वेळ गप्प होता. मग त्यानं विचारलं, "दुखेल का त्याला?" तुम्ही त्याला थापा मारल्या नाहीत. म्हणालात, "झाडाचं मला म्हाईत न्हाई. पन ही ठेवली तर खालची पन वाळंल." त्यानं मान हलवली. मग तुम्ही त्यालाच फांदी धरायला लावलीत, काळं संपून आतला गर पांढरा-हिरवा लागेपर्यंत खाली आलात, बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा, म्हणजे नवी फांदी फुटते ती जागा, दाखवलात आणि त्याच्या वरच्या अंगाला तिरका काप दिलात.

ज्या मुलाला "तूच मारलीस" असं ऐकवलं गेलं होतं, त्याच्या झाडाला हात लावण्याआधी तुम्ही त्याची परवानगी घेतलीत. दिवसाला हजारो दांडे कापणारा तुमचा हात. चार कुंड्यांसमोर तो थांबला. त्या दिवसापासून गॅलरीचं दार उघडं आहे.

नंतर तुम्ही किती गोष्टी सांगितल्यात, त्या मी एका वहीत लिहून ठेवल्या आहेत. नवीन फुटवा लालसर येतो, तो रोग नव्हे, गुलाबाचा रंगच तो. आम्ही त्याच्यावरही फवारणार होतो! पानाच्या कडेला कंपासनं कापल्यासारखी अर्धगोल भोकं दिसली तर घाबरायचं नाही, ती पानं कापणारी मधमाशी, घरट्यासाठी तुकडा नेते, तिला नेऊ द्यावं. पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके आले, पानं पिवळी होऊन गळायला लागली, तेव्हा मला नुसतं वही उघडून वाचायचं होतं: गळलेलं प्रत्येक पान उचलायचं, पाणी बुंध्यात घालायचं, पानं रात्रभर ओली राहू द्यायची नाहीत. थंडीत आलेला तो पांढरा थर म्हणजे भुरी, तिचं उलटं, तिला ओलं पान लागतच नाही, दिवस कोरडे आणि रात्री गार असल्या की ती येते. आता ती दिसली की वळलेले शेंडे खुडायचे, कुंड्या एकमेकींपासून लांब करायच्या, आणि तरीही वाढली तर पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला 2 ग्रॅम, भर उन्हात कधीच नाही. कळ्यांवर मावा आला तेव्हा मुलानं बोटांनीच पुसून काढला. दोन दिवसांनी मावा खाणारे लेडीबर्ड आले. आता ते त्याचे पाहुणे आहेत, त्यांना कुणी हात लावायचा नाही.

हे सगळं नर्सरीतल्या माणसाला माहीत नसेल असं मला वाटत नाही. धंदाच आहे त्याचा. पान उलटं करायला दोन सेकंद लागतात. त्याचं पोट त्या धंद्यावर आहे हे मला कळतं, दिवसभरात शंभर लोक तेच ते विचारत असतील हेही कळतं. पण आठ वर्षांच्या पोराला चारचौघांत तसं बोलायला कुठली घाई होती? आणि तुम्ही, पायांवर उभं राहून तोडणी करून आलेल्या, रात्रीच्या लोकलनं घरी जाणाऱ्या, तुम्हाला घाई नव्हती.

ज्याला एखादी गोष्ट येते, त्यानं ती न येणाऱ्याशी कसं वागावं, याचा मी हल्ली फार विचार करते. बँकेत स्लिप भरता न येणाऱ्या म्हाताऱ्या बाईला पुढच्या खुर्चीवर बसवून हळू आवाजात सांगणारा कारकून मी बघितला आहे. माझ्या वडिलांना सुई टोचण्याआधी "काका, डावा हात देता की उजवा?" असं विचारणारी नर्सही बघितली आहे. अशी माणसं भेटतात, आपण दोन शब्द बोलतो आणि पुढे जातो. मी तुमच्या बाबतीत तसं करणार नाही. त्या दिवशी पैसे घेतले नाहीत, पोरासाठी आणलेल्या चिक्कीचं पाकीटही त्याच्याच हातात ठेवून गेलात. चहा तेवढा घेतलात, तोही अर्धा कप.

ती लग्नपत्रिका त्यानं जपून ठेवली आहे. तांबूस रेघ आता पुसट झाली आहे, पण त्यानं तिच्याभोवती पेन्सिलीनं गोल केला आहे आणि खाली तारीख घातली आहे.

आता एक काम आहे. चौथ्या कुंडीत कलमाच्या गाठीखालून एक फांदी जोमानं वर आली आहे. तुम्ही सांगितलं होतं, गाठीखालून आलेली फांदी रानटी, ती मुळापाशीच काढायची, नाहीतर वरचं कलम उपाशी मरतं. मी त्याला समजावलं. त्याला पटत नाही. सगळ्या झाडात तीच फांदी हिरवीगार आहे, ती कशी काढायची, म्हणतो. पूर्वी मी तो शाळेत गेल्यावर काढून टाकली असती. आता नाही. रविवारी सुट्टी मिळाली तर याल का? पोहे करते. कातर स्पिरिटनं पुसून ठेवली आहे.

तुमची,
गॅलरीवाल्या मुलाची आई