लॅपटॉपची वॉरंटी आणि कागदावर न येणारे निदान

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लॅपटॉपचा टिकाऊपणा आणि वॉरंटीतली दुरुस्ती यांबद्दल वाचकांच्या तक्रारी अधूनमधून छापून येतात. बहुतेकांचा रोख ‘सर्व्हिस सेंटर दाद देत नाही’ यावर असतो. राग रास्त आहे. पण दोनदा-तीनदा दुरुस्ती होऊनही तीच तक्रार पुन्हा का उभी राहते, हे त्यात सहसा येत नाही. वॉरंटीत जे होते ती बहुतेक वेळा भागांची अदलाबदल असते. कोणता भाग बदलायचा हेही अनेकदा मशीन उघडण्याआधीच, फोनवर सांगितलेल्या लक्षणावरून ठरलेले असते. नेमके काय बिघडले आणि ते कशावरून ठरवले, हे ग्राहकाला लेखी देण्याची जबाबदारी या साखळीत कोणाचीच नसते. ती कोणावर तरी यायला हवी, म्हणून हे पत्र.

स्क्रीन मध्येच लुकलुकते, ही नेहमीची तक्रार घ्या. फोनवरचा प्रतिनिधी आधी डिस्प्ले ड्रायव्हर (विंडोजला स्क्रीन चालवायला लागणारा छोटा प्रोग्राम) नव्याने टाकायला सांगतो, मग विंडोज रीसेट करायला. तरीही फरक पडला नाही की ‘पॅनेल’ (चित्र दाखवणारी काच) असा भाग नोंदवला जातो. टेक्निशियन तेवढेच पॅनेल घेऊन येतो, बसवतो आणि जातो. लुकलुक थांबते आणि काही दिवसांनी परत येते. कारण बिघाड पॅनेलमध्ये नव्हताच. तो बिजागरीजवळून जाणाऱ्या डिस्प्ले केबलमध्ये होता. झाकण उघड-बंद होताना केबलमधल्या केसासारख्या बारीक तारा तिथेच वाकतात, घासतात आणि शेवटी आतल्या आत तुटतात. पॅनेल बदलताना केबलचा कनेक्टर काढून परत बसवला गेला, केबल थोडी सरकली, म्हणून तात्पुरते बरे वाटले. जॉबशीटवर (दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर) मात्र ‘पॅनेल बदलले, तक्रार दूर’ अशी नोंद झालेली असते. पुढची तक्रार त्यामुळे नवी धरली जाते आणि सगळे पुन्हा ड्रायव्हरपासून सुरू होते.

हा फेरा तोडणारी तपासणी कोणालाही घरी करता येते. लॅपटॉप सुरू होताना एफ२, एफ१० किंवा डिलीट (कंपनीनुसार वेगळी) ही कळ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ प्रोग्राममध्ये, जा. तिथे विंडोज चालू नसते, विंडोजचे ड्रायव्हरही नसतात. तिथेही स्क्रीन लुकलुकली तर दोष हार्डवेअरचा आहे, रीसेट मारून वेळ घालवण्यात अर्थ नाही. मग झाकण सावकाश मागे-पुढे करा. ठरावीक कोनात लुकलुक येत-जात असेल तर संशय केबलवर. बाहेरचा मॉनिटर जोडून पाहा. त्यावर चित्र स्वच्छ असेल तर मदरबोर्डवरची ग्राफिक्स चिप बहुधा ठीक आहे आणि दोष केबल किंवा पॅनेल यांपैकी एकात आहे. या तिन्ही गोष्टींचा मोबाइलवर एक सलग व्हिडिओ काढा, त्यात बायोसवर दिसणारा सीरियल नंबरही येऊ द्या. तक्रार नोंदवताना ‘स्क्रीन खराब आहे’ एवढ्यावर थांबू नका. ‘बायोसमध्येही दिसते, बाहेरच्या मॉनिटरवर दिसत नाही, झाकणाच्या कोनानुसार बदलते, पॅनेल आणि केबल दोन्ही पाठवा’ असे सांगा आणि हेच ईमेलनेही पाठवा.

कीबोर्डलाही हीच कसोटी. कळ बायोसमध्ये उमटत नसेल तर भाषेचे सेटिंग किंवा ड्रायव्हर यांचा प्रश्नच येत नाही. टचपॅड किंवा वायफायबद्दल शंका असेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स या मोफत प्रणालीची लाइव्ह (मशीनमध्ये न बसवता चालणारी) प्रत चालवून पाहावी; तिथेही अडचण आली तर दोष विंडोजचा नाही.

कंपनीने मशीनमध्येच दिलेली तपासणीही वापरली जात नाही, याचे वाईट वाटते. डेलमध्ये सुरू होताना एफ१२ दाबून डायग्नोस्टिक्स निवडता येते, एचपीमध्ये एस्केप आणि मग एफ२. तपासणी नापास झाली की एक कोड येतो. त्याचा फोटो काढून ठेवा. कंपनीच्याच साधनाने दिलेला कोड नाकारणे कंपनीच्या प्रतिनिधीला अवघड जाते. मात्र झटपट तपासणी पास झाली म्हणजे मशीन निर्दोष ठरले असे नाही. रॅममधला अधूनमधून डोके वर काढणारा दोष काही मिनिटांत सापडत नाही. मेमरी चाचणी रात्रभर चालवावी लागते. ‘नो फॉल्ट फाउंड’ (दोष सापडला नाही) असा शेरा मारून परत येणाऱ्या मशीनचे कोडे बरेचदा इथे सुटते: दोष येतो तो मशीन तापल्यावर, आणि सेंटरमध्ये ते थंड असताना थोडा वेळ पाहिले जाते. म्हणून अचानक बंद पडणाऱ्या लॅपटॉपची टिपणे ठेवावीत. चार्जरवर की बॅटरीवर? सुरू केल्यावर किती वेळाने? त्या वेळी काय चालू होते? विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या घडामोडींच्या नोंदवहीत कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद सापडली तर ती वेळेचा पुरावा म्हणून द्यावी. कारण मात्र तिच्यातून कळत नाही. मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झाले, एवढेच ती सांगते.

सगळ्यात जास्त नुकसान होते ते मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड) बदलताना, आणि त्याची पूर्वकल्पना फारच कमी जणांना दिली जाते. अनेक नव्या विंडोज लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केले की ड्राइव्ह आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे तिच्यातला डेटा कुलूपबंद होतो. तिचे कुलूप टीपीएम या बोर्डावरच्या सुरक्षा चिपशी बांधलेले असते आणि टीपीएम जुन्या बोर्डाबरोबर जाते. नवा बोर्ड बसल्यावर मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती नसेल तर एसएसडी (डेटा साठवणारी ड्राइव्ह) ठणठणीत असूनही आतला डेटा हाती लागत नाही. ही की बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मशीन देण्याआधी ती कागदावर उतरवून घ्यावी आणि बॅकअप तर घ्यावाच. ज्या मशीनमध्ये स्टोरेज बोर्डावरच सोल्डर केलेले असते, तिथे बोर्ड गेला की डेटाही गेला असे धरूनच चालावे.

बोर्ड बदलून आल्यावर ताबा घेण्याआधी तिथेच बायोस उघडा आणि आतला सीरियल नंबर खालच्या स्टिकरशी ताडून पाहा. नव्या बोर्डात मशीनचा नंबर आणि मॉडेल टेक्निशियनने लिहायचे असते. घाईत ते राहून जाते. मग पुढच्या तक्रारीच्या वेळी कंपनीच्या संकेतस्थळावर ते मशीन सापडतच नाही आणि वॉरंटी चालू असूनही वाद सुरू होतो. विंडोज सक्रिय आहे का हेही त्याच वेळी पाहावे, कारण मशीनबरोबर आलेल्या विंडोजची परवाना-की बोर्डाच्या फर्मवेअरमध्येच (बोर्डातल्या कायम प्रोग्राममध्ये) असते.

पासवर्ड मागितला तर देऊ नका. हार्डवेअर तपासायला तो लागत नाही. फारच आग्रह झाला तर एक वेगळे, रिकामे खाते उघडून द्या.

आता बिजागरी. वॉरंटी नाकारली जाण्याच्या प्रसंगांत हिचा वाटा मोठा आहे, आणि इथे ग्राहकावर सर्वाधिक अन्याय होतो असे माझे स्पष्ट मत आहे. स्वस्त मॉडेलमध्ये बिजागरीचे स्क्रू धातूच्या सांगाड्यात जात नाहीत. प्लॅस्टिकच्या बारीक खुंट्यांमध्ये पितळी आटे दाबून बसवलेले असतात, त्यांत ते पिळलेले असतात. बिजागरी घट्ट असेल किंवा वापराने घट्ट होत गेली असेल तर झाकण उघडताना सगळा जोर त्या आट्यांवर येतो. एक आटा उपटला की उरलेल्यांवर भार वाढतो, आणि मग कोपऱ्यातून कव्हर फाकते. झाकण एका कोपऱ्याला धरून उघडले तर हे लवकर होते, पण मधोमध धरून उघडणाऱ्यांच्या मशीनचेही होतेच. सेंटरवर याला सरसकट ‘फिजिकल डॅमेज’ म्हणतात. लॅपटॉप पडला असेल तर कोपऱ्यावर दबल्याची किंवा खरचटल्याची खूण बहुधा राहते. तशी खूण कुठे आहे हे जॉबशीटवर लिहून मागा, उपटलेल्या आट्यांचा जवळून काढलेला फोटोही मागा. झाकण उघडताना ‘कट्’ असा आवाज येऊ लागला किंवा बिजागरीपाशी नखभर फट दिसली की त्याच आठवड्यात तक्रार नोंदवावी. कव्हर फुटेपर्यंत थांबले की बाजू लंगडी पडते. मशीन सेंटरवर देतानाही चारही कोपरे, सर्व पोर्ट, चालू स्क्रीन आणि खालची बाजू यांचे फोटो काउंटरवरच काढावेत. जॉबशीटवर ‘सर्वत्र ओरखडे’ असे छापील वाक्य असेल आणि ते खरे नसेल तर सही करण्याआधी खोडून घ्यावे.

बॅटरीचा नियम वेगळा असतो. मशीनला ३ वर्षांची वॉरंटी असली तरी बॅटरीला बहुधा १ वर्षाचीच मिळते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर पॉवरसीएफजी या आज्ञेपुढे बॅटरीरिपोर्ट हा पर्याय दिला की अहवाल तयार होतो. त्यात मूळ क्षमता आणि सध्याची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी-शेजारी मिळतात. वर्ष संपायच्या महिनाभर आधी हा अहवाल काढून पाहावा. टचपॅडचे क्लिक अडू लागले किंवा सपाट टेबलावर मशीन डुगडुगू लागले तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता असते. अशी बॅटरी चार्ज करू नये, दाबू नये, टोचू नये.

एकच भाग पुन्हा पुन्हा जात असेल तर दोष रचनेतच असू शकतो, आणि मग तोच भाग कितीदाही बसवून उपयोग नसतो. ॲपलने २०१५मध्ये आणलेल्या बटरफ्लाय कीबोर्डचे (कळांखालच्या एका पातळ यंत्रणेचे नाव) हेच झाले. तक्रारी वाढल्यावर जून २०१८मध्ये कंपनीने खरेदीपासून ४ वर्षांपर्यंत मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली आणि २०१९च्या अखेरीस जुन्या सिझर रचनेकडे परतायला सुरुवात केली. २००८मध्ये एनव्हिडियाने आपल्या काही लॅपटॉप ग्राफिक्स चिपच्या पॅकेजिंगमधल्या (चिपभोवतीच्या आवरणातल्या आणि जोडणीतल्या) दोषासाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. तेव्हा काही कंपन्यांनी पंखा लवकर चालू करणारे बायोस अपडेट दिले. त्याने बिघाड लांबला, दोष तसाच राहिला. अशा वाढीव वॉरंटीच्या योजना कंपन्या ग्राहकाला शोधत येऊन सांगत नाहीत. आपले मॉडेल एखाद्या योजनेत बसते का हे संकेतस्थळावर आपणच पाहावे लागते.

खरेदीआधीही थोडे वाचन उपयोगी पडते. डेल, एचपी, लेनोवो यांच्या अनेक मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअल नेटवर खुली आहेत. रॅम सोल्डर केलेली आहे का, चार्जिंगचा पोर्ट सुटा बदलता येतो की बोर्डावरच आहे, कीबोर्ड स्क्रूने बसवला आहे की कव्हरलाच जखडला आहे, हे त्यात दिसते. जाहिरातीतल्या ‘मिल-स्टँडर्ड ८१०’ (अमेरिकी लष्कराचे टिकाऊपणाच्या चाचण्यांचे मानक) या शब्दांवर फार विसंबू नये. त्यातल्या कोणत्या चाचण्या घ्यायच्या हे कंपनीच ठरवते आणि त्यासाठी लष्कर कोणतेही प्रमाणपत्र देत नाही.

फ्रान्सने १ जानेवारी २०२१पासून लॅपटॉप विकताना त्याच्या दुरुस्तीयोग्यतेचा १०पैकी गुणांक दाखवणे सक्तीचे केले. मॅन्युअल मिळते का, मशीन खोलणे किती सोपे, सुटे भाग किती काळ आणि कोणत्या दराने मिळतात, यावर ते गुण ठरतात. असा अंक खोक्यावर सर्वत्र असावा. त्याच्या जोडीला प्रत्येक दुरुस्तीच्या जॉबशीटवर चार नोंदी सक्तीच्या व्हाव्यात: कोणती चाचणी घेतली आणि तिचा निकाल काय; बदललेल्या भागाचा क्रमांक; तो भाग नवा की दुरुस्त करून पुन्हा वापरलेला; आणि त्याच तक्रारीसाठी आधी झालेल्या दुरुस्त्यांचे क्रमांक. भागाची वाट पाहत मशीन सेंटरमध्ये पडून राहिले, तर तेवढे दिवस वॉरंटीत वाढवून मिळावेत. ही माहिती टेक्निशियनजवळ त्या क्षणी असतेच. ती ग्राहकाच्या प्रतीवर छापायला कंपनीला नवे काहीही उभारावे लागणार नाही.

आपला,
लॅपटॉप दुरुस्तीच्या कामातील एक वाचक