"पंचवीस पॉइंट किती?" : भोसरीतल्या वर्कशॉपवाल्या काकांना पत्र

ती. काकांना सा. नमस्कार,

समोर बसून आभार मानायला लागलो की तुम्ही "आधी चहा घे" म्हणून विषय बदलता. असं चारदा झालं. म्हणून आज हे सगळ्यांदेखत लिहितोय. तुमचं नाव घालत नाही, ते तुम्हाला रुचणार नाही. एमआयडीसीत एस ब्लॉकच्या त्या गल्लीत ज्यांचं जाणंयेणं आहे ते ओळखतीलच.

2022 चा फेब्रुवारी होता. परभणीकडच्या जिंतूरहून पुण्याजवळच्या भोसरीत येऊन मला अकरा दिवस झाले होते. लांडेवाडीत कॉट बेसिसवर एका खोलीत आम्ही सात जण. सकाळी बायोडाट्याच्या झेरॉक्स घेऊन निघायचं आणि प्रत्येक गेटवर एकच प्रश्न ऐकायचा, "एक्सपिरियन्स किती?" मी आयटीआय टर्नर, म्हणजे लेथवर (धातू फिरवून कातायच्या मशीनवर) काम करणारा, 2019 चा प्रवेश. 2020 च्या मार्चमध्ये आमच्या वर्कशॉपला कुलूप लागलं आणि पुढे कितीतरी महिने लेथ आम्ही मोबाईलच्या पडद्यावरच पाहिला. ट्रेड सर्टिफिकेट हातात होतं, पण मशीनवर उभं राहायची भीती वाटायची. ही गोष्ट मी घरीसुद्धा सांगितली नव्हती. आबांनी सोयाबीन विकून गाडीभाड्याचे पैसे दिले होते.

तुमच्या दारात टेम्पोतून लोखंडी बार उतरत होते. एक टोक धरायला माणूस नव्हता, ते मी धरलं. काम झाल्यावर तुम्ही बायोडाटा मागितला नाही. व्हर्निअर (जाडी मापायचं साधन) हातात देऊन म्हणालात, "हा रॉड माप." मी मापला आणि म्हणालो, पंचवीस.

"पंचवीस पॉइंट किती?"

मला सांगता आलं नाही. तुम्ही रागावला नाहीत. "गुरुवारी मशीन बंद असतं. ये," एवढंच बोललात.

भोसरीत गुरुवार म्हणजे काय हे बाहेरच्यांना कळायचं नाही. अख्ख्या एमआयडीसीची ती आठवड्याची एकुलती एक सुट्टी. लोक त्या दिवशी झोपतात, गावी जातात, मुलांना घेऊन बाहेर पडतात. तुम्ही ती सुट्टी मला दिलीत. एकदोनदा नव्हे, चौदा गुरुवार. मी मोजले आहेत. काकूंनी डब्यात माझ्या भाकरी धरायला कधी सुरुवात केली ते मात्र मला आठवत नाही.

पहिले दोन गुरुवार तुम्ही मशीनला हात लावू दिला नाही. नुसतं मापायचं. एकच शाफ्ट दहा वेळा मापायला लावलात आणि प्रत्येक आकडा भिंतीवर खडूनं लिहायला लावलात. दहात सहा आकडे वेगळे निघाले. तेव्हा कळलं की मायक्रोमीटर (व्हर्निअरहून बारीक मापणारं साधन) मी मुठीच्या जोरानं आवळत होतो. टोकाच्या टिकटिकणाऱ्या रॅचेटनं फिरवायचं, टिकटिक ऐकायची आणि थांबायचं. मापायच्या आधी झिरो बघायचा. आणि मशीनवरून नुकताच उतरलेला जॉब (घडवलेला तुकडा) लगेच मापायचा नाही, कारण पोलाद तापलं की फुगतं. 50 मिलिमीटरचा जॉब 20 अंशांनी जास्त गरम असेल तर अकरा-बारा मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) मोठा दिसतो. तुम्ही म्हणालात, "घाईत ओके केलेला जॉब गार झाल्यावर रिजेक्ट होतो."

मग लेथ. फेसिंग (टोक सपाट करणं), स्टेप टर्निंग (टप्प्याटप्प्यानं जाडी कमी करणं) आणि शेवटी आटे. ईएन-8 पोलादाच्या उरल्यासुरल्या तुकड्यावर एम-16 चे (16 मिलिमीटर जाडीचे) आटे पाडताना माझे पाच तुकडे वाया गेले. टूल पुन्हा त्याच खाचेत उतरायला हवं, थ्रेड डायल नावाच्या चकतीवरची रेघ गाठून हाफ नट (टूल पुढे चालवणारा खटका) टाकायचा, तिथे माझा हात डगमगायचा. सहाव्या तुकड्यावर नट हातानं शेवटपर्यंत फिरला. तो तुकडा तुम्ही ऑइल लावून कागदात गुंडाळून दिलात. "गेटवर कागद दाखवू नकोस, हा दाखव."

आता ती गोष्ट, जिच्याबद्दल मला सगळ्यांत जास्त लिहायचं आहे. आमच्या खोलीवर एकानं दोन वर्षांचा अनुभवाचा दाखला पंधराशे रुपयांत मिळेल असं सांगितलं होतं. मी ते पैसे वाचवायला तुमच्याकडे आलो. तुमचं स्वतःचं लेटरहेड होतं, एक ओळ लिहायची होती. तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत. मग म्हणालात, "दोन वर्षं लिहिली तर पहिल्याच शिफ्टला ते तुझ्याकडून दोन वर्षांचं काम मागतील. तेव्हा मी तिथे नसेन." आणि तुमच्या अक्षरात लिहून दिलंत: हा मुलगा फेब्रुवारी ते मे 2022, दर गुरुवारी माझ्याकडे लेथ शिकला. पगारावर नव्हता. मोजमाप चोख. फेसिंग, स्टेप टर्निंग, बाहेरचे आटे स्वतः काढतो. आतलं बोअरिंग अजून कच्चं आहे.

बोअरिंग म्हणजे भोक आतून कातणं. ती शेवटची ओळ वाचून मला रडू आलं होतं. वाटलं, एवढी एक ओळ गाळली असती तर काय बिघडलं असतं?

त्याच आठवड्यात ठेकेदाराकडे हेल्परचं काम चालून आलं, बारा हजारांचं. तुम्ही ॲप्रेंटिसशिपच्या, म्हणजे कारखान्यातल्या शिकाऊ उमेदवारीच्या, मागे लागलात. 1961 पासून यासाठी कायदा आहे, तीस किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला ॲप्रेंटिस घ्यावेच लागतात, हे मला आयटीआयची दोन वर्षं काढूनही धड माहीत नव्हतं. आयटीआयवाल्याला तेव्हा किमान विद्यावेतन 7,000. चाकणच्या त्या कंपनीत 9,000 होते, म्हणजे हेल्परपेक्षा तीन हजार कमी. आबांना ते पटेना. तुम्ही त्यांना फोन करून अर्धा तास समजावलंत की हेल्पर वर्षभर झाडू मारेल आणि वर्षानंतरही त्याला अनुभव विचारतील. ॲप्रेंटिसला परीक्षा आहे, सर्टिफिकेट आहे आणि मशीन आहे. ओळख ना पाळख, अशा माणसाशी अर्धा तास.

चाकणला इंटरव्ह्यू घेणाऱ्या साहेबांनी तुमचं पत्र दोनदा वाचलं. मग बाहेर नेऊन मशीनवरून उतरलेला एक जॉब आणि मायक्रोमीटर माझ्या हातात दिला. जॉब कोमट होता. मी म्हणालो, "सर, गार होऊ द्या, मग मापतो." त्यांनी विचारलं, कुणी शिकवलं? मी पत्राकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, "ज्यानं बोअरिंग कच्चं आहे असं लिहिलंय, त्यानं बाकीचं खरंच लिहिलं असणार." त्या ओळीची किंमत मला तिथे कळली, काका.

वर्ष पूर्ण झालं, परीक्षा पास झालो, त्याच कंपनीनं ठेवून घेतलं. गेल्या आठवड्यात सेटर (मशीन जुळवून देणारा) म्हणून पत्र मिळालं. ते मी आधी आबांना वाचून दाखवलं आणि मग हे लिहायला बसलो.

येत्या गुरुवारी येतोय. आबा सोबत आहेत, त्यांना तो लेथ बघायचा आहे. काकूंसाठी घरची तूरडाळ आणतोय. आणि एक बुश (नळीसारखा पोकळ भाग) आणतोय, मी स्वतः बोअर केलेला, 25 एच-7. म्हणजे 25 मिलिमीटरच्या भोकात फरकाला फक्त 21 मायक्रॉनची जागा. आमच्या प्लग गेजनं (भोक तपासायच्या मापानं) पास आहे, पण तो तुमच्या कपाटातल्या गेजनं तुम्ही तपासायचा आहे. गार करूनच आणतो.

तुमचा,
गुरुवारचा मुलगा