फेमस जागांपलीकडचं जगही दाखवा

संपादक महोदय,

प्रवासाच्या पुरवणीत दरवेळी तेच आयफेल टॉवर अन तेच स्वित्झर्लंड वाचून खरंच कंटाळा आलाय, ते सुंदर आहेच हो, पण जग केवढं मोठं आहे!

पेरूमधला क्वेस्वाचाका पूल घ्या. अपुरिमाक नदीवरचा हा पूल चक्क गवताचा आहे, इंका काळापासूनची पद्धत, आणि आजूबाजूच्या गावातले लोक दरवर्षी जूनमध्ये एकत्र येऊन गवत वळतात, त्याचे दोर करतात, दोरांचे आणखी जाड दोर करतात आणि जुना पूल काढून टाकून नवीन बांधतात, तेही साधारण तीन-चार दिवसात. २०१३ मध्ये युनेस्कोने या परंपरेला वारसा यादीत घेतलं. मला तर यात पुलापेक्षा ती माणसं जास्त बघावीशी वाटतात, कारण ते कौशल्य हातातून हातात आलंय म्हणूनच तो पूल टिकलाय.

किंवा तुर्कीतलं डेरिनकुयू, जमिनीखाली कोरलेलं अख्खं शहर, आत विहिरी, तबेले, हवेसाठी उभे बोगदे आणि शत्रू आला की सरकवून बंद करायचे गोल दगडी दरवाजे! क्रोएशियात झादरला तर किनाऱ्यावरच्या पायऱ्यांखाली पाईप बसवलेत, लाटा आल्या की आपोआप सूर निघतात, २००५ पासून.

अशा जागांसाठी महिन्यातून निदान एक पान द्याच, आणि तिथे कसं जायचं, कुठल्या सीझनला जायचं हेही छापा, नुसते फोटो नकोत.

– एक वाचक