तुझं काय ठेवायचं?

सातारा
आश्विन शुद्ध द्वादशी

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू "हं, हं" करत कुकरच्या शिट्ट्या मोजत असतेस आणि इकडे मीही तेच करत असते. म्हणून लिहायला बसले.

खंडेनवमीच्या रात्री तू सहज बोलल्यासारखं सांगितलंस, की मातीकामाचं चाक विकायला काढलंय. ओएलएक्सवर फोटो टाकलाय, एकाने किंमतही विचारलीय. "नुसती जागा अडवतंय गं आई. छोटूची सायकल तरी राहील तिथे." मी "बरं" म्हणाले आणि चकलीच्या भाजणीचा विषय काढला. नंतर त्या "बरं"नेच मला झोपू दिलं नाही. मी अशी घाईघाईने "बरं" म्हणते, तेव्हा मला बोलायचं वेगळंच असतं, हे तुझ्या बाबांना ४० वर्षांत कळलेलं नाही, तुला कुठून कळणार?

त्याच दिवशी सकाळी इथे पूजा झाली होती. बाबांचे पाने-पक्कड, करवत, कोयता, विळी, माझं शिवणयंत्र, दारात स्कूटर. सगळ्याला हळदकुंकू, झेंडूचं फूल. तू शाळेत असताना तुझी कंपासपेटीही असायची त्यात, आठवतंय? कर्कटकाला कुंकू लागलं म्हणून रडली होतीस.

माझ्या रंगाच्या ब्रशांना इतकी वर्षं त्या पाटावर जागा मिळाली नाही. कुणी नाही म्हटलं नव्हतं. मीच ठेवले नाहीत. का, ते सांगायला जरा मागे जावं लागेल.

माझी चित्रकला सुरू झाली हादग्याच्या हत्तीपासून. कोरेगावला आमच्या गल्लीत हस्त नक्षत्र लागलं की पाटावर हत्ती काढायला मला बोलवायचे, कारण बाकीच्यांच्या हत्तीची म्हैस व्हायची. समोरासमोर दोन हत्ती, सोंडेत माळ. सोळा दिवस मी गल्लीची मानकरी. लग्न होऊन साताऱ्यात आले, त्या पहिल्याच भाद्रपदात बाबांनी मला स्कूटरवरून यवतेश्वरचा घाट चढवून कासच्या पठारावर नेलं. शहरापासून २५ किलोमीटर. तेव्हा तिकीट नव्हतं, ऑनलाइन बुकिंग नव्हतं, रांगा नव्हत्या. गुरं चरत होती आणि त्यांच्या पायांशी सगळा सडा जांभळा झालेला. २०१२ साली पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, त्यात आपलं कासही आलं. मग जग तिथे लोटलं. मी पाहिलं ते त्याच्या कितीतरी आधीचं.

माती म्हणशील तर तिथे जवळजवळ नाहीच. जांभ्या दगडावर बोटभर थर. पावसात डबकं, उन्हाळ्यात तवा. झाडाला पोटभर खायला मिळत नाही, म्हणून काही झाडं चक्क किडे खातात. सीतेची आसवं म्हणतात ना, ते इवलं जांभळं फूल? वर आसवं आणि खाली बारीक जीव पकडायच्या पिशव्या. हे नाव एखाद्या सुनेनेच ठेवलं असणार असं मला आपलं वाटतं. दवबिंदूच्या पानांवरचे थेंब पाण्याचे नसतात, चिकट असतात, माशी बसली की संपली. कवला पिवळा, त्याच्या वरच्या पाकळीवर दोन लाल ठिपके. हल्ली सगळे त्याला मिकी माऊस म्हणतात. म्हणोत बापडे.

त्या दिवसापासून मला ती फुलं काढायचं वेड लागलं. पण चिमे, ही फुलं फुलतात कधी? भाद्रपद ते आश्विन. आणि आपल्या घरात काम असतं कधी? गौरी-गणपती, ते गेले की पितृपंधरवडा, तो संपायच्या आत घर झाडून-पुसून घ्यायचं, सगळ्या वाकळा-गोधड्या माहुलीला नदीवर नेऊन धुवायच्या, मग घट, हादगा, दसरा, कोजागिरी. हे सगळं उरकून मान वर करावी, तर सड्यावर वाळकं गवत. फुलाला "दिवाळीनंतर ये" म्हणता येत नाही. कारवी तर सात वर्षांनी एकदा फुलते. पहिल्या खेपेला तू पोटात होतीस, दुसऱ्या खेपेला आजीचं खुब्याचं हाड मोडलं होतं. तिसऱ्या खेपेला मात्र मी ठरवलंच.

नेमकी त्या दिवशी मामंजींची तिथी. तीनला उठून मी खीर, वडे, अळूची भाजी, गवार, कढी, आमसुलाची चटणी, सगळं रांधून ठेवलं. पान गच्चीवर ठेवलं, आणि कावळा येईना! साडेबारा झाले, एक वाजला. बामणोलीची एसटी दोनची. हीच गाडी कासवरून जाते. सगळे मान वर करून उभे, बाबा मामंजींना मनातल्या मनात कसली कसली वचनं देत होते. आजी म्हणाल्या, "त्यांचं मन कशात तरी अडकलंय." मामंजींचं नाही, माझं अडकलं होतं, आणि मला वाटलं की त्यांना ते वरून दिसतंय. शेवटी मीही हात जोडून मनात म्हटलं, "मामंजी, कारवी बघायला जायचंय, सोडा." दीडला कावळा शिवला. योगायोग असेल. मी पायात चपला सरकवल्या आणि "मैत्रिणीकडे जाऊन येते" म्हणून निघाले.

खोटं. हे पहिलं नव्हतं, म्हणून तर आज लिहितेय.

कासला बसून रंगवता येत नाही. धुकं इतकं असतं, की कागद वाळतच नाही, रंग फुटतो. फूल तोडायचं नाही. म्हणून तिथे फक्त पेन्सिलीने आकार काढायचा, कडेला खुणा लिहायच्या: "पाकळीची कड कोकमाच्या सरबतासारखी", "देठ लसणीच्या पातीपेक्षा फिका". रंग घरी येऊन भरायचा. आणि घरी वेळ कुठला?

तो मला घटाने दिला. पत्रावळीवर काळी माती, त्यात धान्य, मध्ये घट, रोज एक माळ आणि शेजारी नऊ दिवस अखंड दिवा. दिवा विझू द्यायचा नाही, म्हणजे रात्री कुणीतरी उठून तेल घालायला हवं, वात सारायला हवी. मी म्हटलं, मी उठेन. आजी अख्ख्या आळीत सांगायच्या, "सून माझी लई देवभोळी, तीनला उठती." सून तीनला उठून देवघरात तुझी पाटी मांडीवर घ्यायची, त्यावर कागद लावायचा आणि तेरडा रंगवत बसायची. समईच्या उजेडात पिवळा रंग पांढऱ्या कागदावर दिसत नाही, जांभळा मळकट दिसतो. पहिल्या वर्षी सकाळी उठून पाहिलं तर सोनकी नारिंगी होऊन बसलेली, हळदीत पडल्यासारखी. मग शिकले. रात्री फक्त छाया आणि शिरा, रंग दुपारी, आजी वामकुक्षीला गेल्यावर.

आणि एका सातव्या माळेला दिवा विझला.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बाबांनाही नाही. कवल्याचे दोन ठिपके जमत नव्हते, त्यात बुडाले होते. मान वर केली तर वातीवर नुसता धूर. काडी पेटवली, हात थरथरत होते, कुंकवाचा करंडा सांडला. पुन्हा लावला आणि सकाळी आरतीला सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवल्या. पुढचं अख्खं वर्ष मी वाईटाची वाट बघत काढलं. त्या वर्षी बाबांना बढती मिळाली आणि तुला शाळेची शिष्यवृत्ती. देवीच्या मनातलं आपण काय सांगावं!

पण आजींना माहीत होतं. दिव्याचं माहीत होतं की नाही, कोण जाणे, रंगांचं नक्की माहीत होतं. त्यांच्या शेवटच्या खंडेनवमीला मी पाट मांडत होते, त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "तुजं काय ठेवायचं?" मी म्हटलं, "ठेवलंय की, विळी ठेवलीय, मशीन ठेवलंय." "ती घराची झाली. तुजं?"

ब्रश मागच्या खोलीत होते, तुझ्या जुन्या टॉनिकच्या डब्यात. दहा पावलं. मी म्हटलं, "माझं काय असणार, आत्या?" आणि कापूर लावला. त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या आषाढात गेल्या.

मला आजी वाईट वाटायच्या, कडक वाटायच्या. त्यांच्यामुळे मला लपवावं लागलं, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आले. त्यांनी विचारलं, तेव्हा सांगायला माझीच जीभ वळली नाही. लपवण्याचीही सवय होते गं. चोरून केलं, की चुकलं तरी कुणी बघत नाही, कुणी "आता बंद कर" म्हणत नाही, आणि कुणी "दाखव बघू" असंही म्हणत नाही. तीस वर्षांत ११ वह्या झाल्या. त्यातलं एकही चित्र मी भिंतीवर लावलं नाही. एका वर्षी तर एकच पान, तू जन्मलीस त्या वर्षीचं, आणि त्याच्या पाठीमागे नदीवर न्यायच्या वाकळांची यादी.

तू तोल साधत नाही म्हणून रडलीस मागे. नोकरी, छोटू, जावयांची शिफ्ट, सणाला इकडे यायचं, सासरी जायचं, त्यात चाक. तोल साधलेली बाई मी तरी पाहिली नाही. माझ्या आईचा नव्हता, आजींचा नव्हता, माझा तर दिवाच विझला. तुझी जागा अडचण आहे, हे मला दिसतं. दोन खोल्यांच्या घरात ओली माती, रांगतं-धावतं पोर. तू आळशी आहेस किंवा तुझं मन उडालंय, असं मी मुळीच म्हणत नाही. फक्त "नुसती जागा अडवतंय" हे वाक्य मला माझ्याच तोंडचं वाटलं. "माझं काय असणार?" याच चालीचं.

यंदा मी पाटावर ब्रश ठेवले. दोन, आणि जुनी रंगाची ताटली. बाबांनी पाहिलं, चष्मा वर केला, म्हणाले, "हे रांगोळीचं का?" मी म्हटलं, "नाही, माझं." "बरं," म्हणाले आणि फूल वाहिलं. इतकंच. एवढ्यासाठी तीस वर्षं! मला थोडा रागच आला. निदान काही विचारायचं तरी. मग संध्याकाळी आपणहून म्हणाले, "कासचं बुकिंग बघू का? आता फुलं उरली असतील का?" उरली नव्हती फारशी, तरी गेलो. तळ्यात कुमुदिनी होती थोडी. त्यांनी छत्री धरली, मी काढलं. छत्री सारखी कागदावर गळत होती, पण ते असो.

इथे हादगा चालू आहे. आज आठवा दिवस. गल्लीत पाचच मुली उरल्यात, त्यातली एक क्लासला जाते म्हणून उशिरा येते. हत्ती मीच काढून दिला. काल मी मक्याचा उपमा केला होता, खिरापत कुणालाच ओळखता आली नाही. पाऊस मात्र हत्तीचाच, चार वाजले की धो धो. कोजागिरीला चंद्र दिसेल असं वाटत नाही.

तर चाकाचं. विकू नकोस असं मी म्हणणार नाही, चाक तुझं आहे. पण त्या गिऱ्हाईकाला आठ दिवस थांबव. मागच्या पडवीत कोळशाच्या गोण्या होत्या, त्या काल मी काढायला लावल्या. फरशी आहे, नळ आहे, भिंतीला प्लगही आहे. दिवाळीला तुम्ही गाडी घेऊन येणारच आहात, मागच्या सीटवर मावत असेल तर घालून आणा. महिन्यातून एकदा आलीस तरी दोन दिवस तुझे. छोटूला बाबा आणि मी बघू. किल्ल्याला यंदा माती विकत आणायला नको, तुझीच उरलेली वापरू. अजिंक्यताऱ्यासारखा चपट्या माथ्याचा करायचा, असं त्याने आजोबांना फोनवर बजावलंय.

चाकाची लांबी-रुंदी फूट-इंचात कळव. बाबा टेप घेऊन पडवीत उभे आहेत.

तुझी,
आई