ती दोन कार्डं एकाच माणसाची होती

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

नाव कुठे लिहू नकोस असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतंच 'ताई'. आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत.

माझी आजी वळिवड्याच्या पोलिश छावणीबद्दल सांगायची. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले होते. त्या ओढीनेच मी जर्मनीतल्या बाड आरोल्सनच्या अभिलेखागारासाठी घरबसल्या जुनी नोंदकार्डं उतरवून द्यायला लागलो. नाझींच्या छळाला बळी पडलेल्या आणि युद्धाने देशोधडीला लागलेल्या सुमारे १ कोटी ७५ लाख माणसांची कागदपत्रं तिथे आहेत.

सुरुवातीला मी भराभर उतरवत सुटलो होतो. बुखेनवाल्ड या नाझी छळछावणीच्या एका कार्डावर आडालबर्ट, जन्म १९१७. युद्धानंतरच्या विस्थापितांच्या कार्डावर व्हॉइचेख, जन्म १९११. मी दोन माणसं धरून मोकळा झालो. तुम्ही एवढंच विचारलंत, "जन्मगाव पाहिलंस का?" गाव एकच होतं. पोलिश व्हॉइचेखचं जर्मन कारकून आडालबर्ट करत, जर्मन हातातल्या एक या आकड्याला वर लांब शेपूट असते आणि तो सातासारखा दिसतो, हे तुम्ही दोन्ही कार्डं शेजारी ठेवून दाखवलंत. मोडी वाचताना आधी लिहिणाऱ्याचा हात ओळखावा लागतो, तसंच हे. कैदी क्रमांकावरही विसंबू नकोस, म्हणालात. छावणी बदलली की क्रमांक बदलतो, आणि बुखेनवाल्डमध्ये तर एकाचा क्रमांक पुढे दुसऱ्याला दिला जाई.

मग तुम्ही मला कार्डांचे प्रकार ओळखायला शिकवलंत. छावणीच्या मुख्य कार्डात नाक कसं, दात कसे, कुणी डांबलं, कुठे हलवलं हे रकाने. जप्त सामानाच्या कार्डावर टोपी, कोट, विजार, बूट, घड्याळ, लग्नाची अंगठी यांची छापील यादी, पुढे नग, आणि खाली कैद्याची सही. त्या कार्डापाशी मी फार वेळ थांबलो होतो. तुम्ही घाई केली नाहीत.

दोस्तांच्या सैन्याने छापलेलं विस्थापितांचं कार्ड निराळंच. त्यात १ जानेवारी १९३८ ला कुठे राहत होता हे विचारलंय, कोणत्या भाषा येतात हे विचारलंय. आणि एक रकाना आहे: कुठे जायची इच्छा आहे? आधीच्या कार्डांवर त्या माणसाला हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. हे मला तुमच्यामुळे दिसलं, नाहीतर मी तो रकाना गावाचं नाव टिपून ओलांडला असता.

चुकीचं दिसलं तरी सुधारायचं नाही, कागदावर आहे तसंच उतरवायचं, हा तुमचा नियम तेव्हा मला जाचक वाटायचा. कारकुनाने नाव ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं, पोलिश 'ल' (ł) वरची तिरपी रेघ गळालेली असते, हात शिवशिवायचे. "आधी सही बघ," तुम्ही म्हणायचात.

गेल्या रविवारी असंच एक कार्ड आलं. जाण्याच्या ठिकाणी 'पोलंड' खोडून खाली 'कॅनडा' लिहिलेलं. कारकुनाने आडनाव बिघडवलेलं, पण तळाशी त्या बाईची सही पोलिश अक्षरांत, प्रत्येक रेघेसकट. मी खोडलेलंही उतरवलं आहे. ताई, मनापासून आभार.

तुमचा,
कोल्हापूरचा विद्यार्थी